चढाई, गिर्यारोहण आणि बर्फातल्या मोहिमांसाठी सॅक कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅक घ्यायला निघालेला माणूस आधी लिटर विचारतो, मग रंग, मग कप्पे. चढाईच्या सॅकला लावायची कसोटी वेगळी आहे. हात वर केले, मान मागे टाकली, हार्नेस (दोर बांधायचा कमर-मांड्यांचा पट्टा) चढवलं, जाड हातमोजे घातले की ती किती मध्ये मध्ये येते, हे आधी बघायचं. खालची सगळी उत्तरं याच अंगाने दिली आहेत.

माझ्याकडे ट्रेकिंगची चांगली सॅक आहे. तीच चढाईला चालणार नाही का?

पायवाट असेपर्यंत छान चालेल. अडचण सुरू होते ती हात कातळाला लागल्यावर. ट्रेकिंगची सॅक सरळ उभ्याने चालणाऱ्या माणसासाठी बेतलेली असते. ती रुंद असते, बाजूंना बाटल्यांचे फुगीर कप्पे असतात आणि पाठीला हवा लागावी म्हणून ताणून बसवलेली जाळी असते. उकाड्यात ही जाळी सुखाची वाटते, पण तिच्यापायी सगळं ओझं पाठीपासून काही सेंटिमीटर मागे जातं. चालताना ते जाणवत नाही. उभ्या भिंतीवर मात्र तेवढ्यानेच सॅक मागे ओढायला लागते आणि तो ताण बोटांवर येतो.

दुसरी अडचण डोक्याची. हेल्मेट घाला, भरलेली सॅक पाठीवर घ्या आणि वर बघा. हेल्मेटची मागची कड झाकणावर टेकली तर हेल्मेट पुढे सरकून भुवयांवर येतं आणि वरची पकड दिसत नाही. चढाईच्या सॅकचं झाकण म्हणूनच खाली दाबता येतं किंवा सरळ काढून ठेवता येतं. तिसरी अडचण कमरेच्या पट्ट्याची. त्यावर पुढे वेगळा प्रश्न आहे.

किती लिटरची घ्यावी?

आधी सगळं सामान जमिनीवर मांडा: दोर, कॅराबिनर-क्विकड्रॉ (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या आणि त्यांच्या जोड्या), कपडे, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह. त्या ढिगाकडे बघून लिटर ठरवा. रिकामी सॅक बघून ठरवलं की हमखास मोठी घेतली जाते. मोठी सॅक कधी रिकामी राहत नाही, "असू दे जवळ" म्हणत म्हणत भरतेच.

तरीही अंदाज हवा असेल तर असा. अनेक पिचच्या (दोराच्या लांबीत बसणाऱ्या टप्प्यांच्या) कातळचढाईत पाठीवर ठेवूनच चढायचं असेल तर १५ ते २० लिटर पुरे. ती शक्यतो सेकंडच्या, म्हणजे मागून चढणाऱ्याच्या, पाठीवर असावी, पुढे चढणाऱ्या लीडरच्या नाही. कड्याच्या पायथ्यापर्यंत दोर आणि सगळं लोखंड (धातूचं सामान) न्यायला ३५ ते ४५ लिटर लागतात, पण ती सॅक पायथ्याशीच राहणार असते, त्यामुळे तिच्या आकाराची फार चिंता नको. एक-दोन दिवसांच्या आल्पाइन (उंच पर्वतावर कातळ आणि बर्फ दोन्हींवरच्या) चढाईला ३० ते ४०. तीच चढाई हिवाळ्यात असेल तर ४० ते ५०, कारण डाउन (पिसं भरलेलं) जॅकेट, जाड हातमोजे आणि उबदार स्लीपिंग बॅग वजनापेक्षा जागाच जास्त खातात. वरच्या कॅम्पांवर सामान चढवायच्या मोठ्या मोहिमेला ६५ ते ८५ लिटर. शिखराच्या दिवसासाठी त्यासोबत एक छोटी सॅक न्यावी, नाहीतर मोठीच इतकी आवळता यावी की ती निम्मी होईल. स्की टूरिंगच्या (स्कीवरून डोंगर चढायच्या-उतरायच्या) दिवसभराच्या फेरीला ३० ते ३५ ठीक.

दोन मापांत अडलात तर कातळासाठी लहान घ्या आणि थंडीसाठी मोठी. हिवाळ्यात ठासून भरलेल्या सॅकमधून एक जॅकेट काढायला वाऱ्यात अर्धं सामान बाहेर काढावं लागतं. शिवाय खूप दाबलेलं डाउन परत फुगायला वेळ घेतं.

दोन कंपन्यांच्या ४० लिटरच्या सॅक शेजारी ठेवल्या तर एक मोठी दिसते. असं कसं?

मोजायची पद्धत सगळ्यांची एक नाही. एएसटीएम एफ२१५३ नावाचं एक मानक आहे. त्यात २० मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे गोळे सॅकमध्ये भरतात आणि मग ते मोजपात्रात ओतून आकारमान काढतात. पण हे मानक पाळायची सक्ती कोणावर नाही. कोणी बाहेरचे कप्पे धरतं, कोणी फक्त मुख्य पोकळी, कोणी वरची वाढीव कॉलर ताणून मोजतं. त्यामुळे आकडा फक्त अंदाजाला घ्या आणि आपलं सामान भरून बघा.

"३५+१०" असं लिहिलेलं असतं, ते काय?

सॅकच्या तोंडाला जोडलेली कापडी कॉलर वर ओढली की आणखी १० लिटर मिळतात. पायथ्याशी पोहोचेपर्यंत हे फार उपयोगी पडतं. मात्र कॉलर पूर्ण भरून चढायला जाऊ नका, ओझं डोक्याच्या वर जातं आणि सॅक डोलायला लागते.

पाठीचं माप कसं घ्यायचं? उंचीवरून चालत नाही का?

नाही. सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याची पाठ. मान खाली घाला. मानेच्या तळाशी जो मणका सगळ्यात वर आलेला लागतो, तो सातवा मणका. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. कमरेच्या हाडाची वरची कड चाचपून अंगठे त्या कडेवर टेकवा. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ मनात धरा. सातव्या मणक्यापासून या रेघेपर्यंत पाठीच्या वळणावरून टेप धरला की जे माप येईल ते तुमचं. टेप दुसऱ्याला धरायला सांगा, आपलं आपण घेतलेलं माप चुकतंच. बहुतेक प्रौढांचं ४० ते ५५ सेंटिमीटरमध्ये कुठेतरी येतं.

सॅक लांब पडली तर खांद्याचे पट्टे खांद्यावर न बसता मागे तरंगतात आणि सॅक ढुंगणावर आपटत राहते. आखूड पडली तर कमरेचा पट्टा पोटावर येतो आणि सगळं ओझं खांद्यांवर. चढाईच्या लहान सॅक बऱ्याचदा एकाच लांबीत मिळतात. त्यात थोडं आखूड चालतं, लांब नाही.

कमरेचा पट्टा जाड असावा की पातळ?

या एका प्रश्नावर चढाईची सॅक आणि ओझ्याची सॅक वेगळ्या होतात, म्हणून जरा सविस्तर.

जड ओझं खांद्यांनी नाही, कमरेच्या हाडांनी वाहायचं असतं. त्यासाठी गादीदार, रुंद, हाडाला धरून बसणारा हिप बेल्ट लागतो. गोम अशी की हार्नेसचा पट्टाही जवळपास त्याच जागी असतो. हार्नेसवर जाड हिप बेल्ट आला की गिअर लूप (सामान अडकवायचे फास) झाकले जातात. मग लीड करताना कॅम (कातळाच्या फटीत बसवायचं साधन) हवा असतो तेव्हा बोटं स्पंजाखाली चाचपडत राहतात. खाली बकलवर बकल येतं आणि पोटावर गाठोडं होतं ते वेगळंच.

उपाय तीन आहेत. पहिला, बेल्ट पूर्ण काढता यावा. दुसरा, बेल्टचे दोन्ही पंख मागे नेऊन सॅकभोवती अडकवता यावेत. हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण पायथ्यापर्यंत बेल्ट वापरायचा, दोर बांधायच्या आधी मागे अडकवायचा, उतरल्यावर परत पुढे. काहीही सुटं होत नाही, त्यामुळे हरवत नाही. तिसरा, गादी नसलेली नुसती पट्टी. तिच्यावर ओझं पेलत नाही, फक्त सॅक डोलायची थांबते. १० किलोच्या आत तेवढं पुरतं.

काही हिप बेल्टवरही गिअर लूप असतात. ते सामान अडकवायलाच आहेत. सॅकच्या कुठल्याही लूपमध्ये स्वतःला अडकवायचं नाही, कितीही मजबूत दिसला तरी. वरचा जाड हॉल लूपही फक्त सॅक उचलायला किंवा ओढायला असतो.

फ्रेम हवीच का?

ओझं १० किलोच्या वर जात असेल तर हवी. फ्रेमशिवाय ओझं कमरेवर उतरतच नाही, मग बेल्ट कितीही भारी असो.

बाहेरच्या फ्रेमची कल्पना जुनी आहे. नॉर्वेच्या ओले बर्गान यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पाठीच्या वळणाला धरणारी फ्रेम बनवली. डिक केल्टी यांनी अमेरिकेत १९५२ मध्ये ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक विकायला सुरुवात केली. वाटेवर त्या उत्तम होत्या, पण कड्यावर ती चौकट खडकात अडकायची आणि अंगापासून लांब राहून झोके घ्यायची. १९६७ च्या सुमारास ग्रेग लो यांनी फ्रेम सॅकच्या आत घातली आणि चढणाऱ्यांचा प्रश्न सुटला. आजच्या चढाईच्या सॅकमध्ये प्लास्टिकचा पातळ पत्रा, एक-दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा नुसती घडीची फोम मॅट असते. पट्टी हाताने वाकवून आपल्या पाठीच्या वळणाची करून घ्या. नवी सॅक घेणारे बरेच जण हे करत नाहीत आणि मग सॅक टोचते म्हणून तक्रार करतात.

फोमची मॅट काढता येते का ते जरूर बघा. कड्यावर रात्र काढायची वेळ आली तर तिच्यावर बसता येतं आणि पाय रिकाम्या सॅकमध्ये घालता येतात.

स्त्रियांसाठीच्या सॅक खरंच वेगळ्या असतात, की नुसता रंग बदललेला असतो?

खरंच वेगळ्या असतात. पाठीची लांबी कमी असते, खांद्याचे पट्टे एकमेकांच्या जवळ आणि इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले असतात, हिप बेल्टही जास्त तिरका कापलेला असतो. पण लेबल बघून घ्यायची गरज नाही. अरुंद खांद्याच्या पुरुषाला ती सॅक चपखल बसू शकते आणि लांब पाठीच्या बाईला पुरुषांची.

घालून बघताना नेमकं काय बघायचं?

रिकामी घालून काही कळत नाही. दहा-बारा किलो भरा, आणि दोर, बाटल्या असं खरंच जे नेणार तेच भरा. आधी सगळे पट्टे सैल सोडा. मग कमरेचा बेल्ट हाडावर बसवून आवळा, त्यानंतर खांद्याचे, मग खांद्यावरून वर सॅककडे जाणारे लहान पट्टे (लोडलिफ्टर), शेवटी छातीचा. ते लहान पट्टे साधारण ४५ अंशांत वर जायला हवेत. आडवे जात असतील तर सॅक आखूड आहे.

आता हालचाल करा. दोन्ही हात सरळ वर न्या. उकिडवे बसा. बुटाची नाडी बांधायला वाका आणि सॅक डोक्यावर घसरते का बघा. एक पाय खुर्चीवर ठेवून चढा. हार्नेस आणि हेल्मेट घालून हेच सगळं पुन्हा करा. मग अर्धा तास जिने चढ-उतार करा. काचणारा पट्टा पहिल्या पाच मिनिटांत गोड वागतो, विसाव्या मिनिटाला खरा रंग दाखवतो.

शेवटी निम्मं सामान काढून बाजूचे पट्टे पूर्ण ओढा. अर्धी भरलेली सॅक पाठीला चिकटून सपाट झाली पाहिजे. चढाईचा खरा भाग याच अवस्थेत होतो, कारण तोवर दोर आणि लोखंड बाहेर आलेलं असतं.

कापडाचे आकडे आणि नावं बघून गोंधळ होतो. काय घ्यावं?

डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तर धागा जाड. चढाईच्या सॅकला अंगावर २१० ते ४२० डेनियरचं नायलॉन आणि बुडाशी त्याहून जाड कापड असेल तर पुष्कळ. धुराड्यासारख्या उभ्या फटीतून पाठ घासत चढायचं असेल किंवा सॅक दोराने ओढायची असेल तर आणखी जाड घ्या, खडबडीत कातळ पातळ कापडाला एका दिवसात भोक पाडतो.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, विणकामही महत्त्वाचं. रिपस्टॉप विणीत चौकटी असतात, त्यामुळे फाटलं तरी फाट पुढे धावत नाही. डायनीमाचे धागे वजनाच्या मानाने कमालीचे मजबूत असतात, मात्र ते १५० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतात, म्हणून पेटत्या स्टोव्हजवळ जपावं. शिडाच्या होड्यांच्या कापडावरून आलेली लॅमिनेट केलेली कापडं पाणी अजिबात पीत नाहीत, पण किंमत जास्त असते आणि घड्यांवर थर सुटत जातात.

मी तरी निवडायला बसलो तर कापडाच्या आधी शिलाई बघतो. खांद्याचा पट्टा सॅकला जिथे जोडतात तिथे दुहेरी-तिहेरी टाके हवेत. आतली शिवण पट्टीने झाकलेली हवी. हॉल लूप नुसता पाठीच्या कापडावर न शिवता पट्ट्यांच्या जोडापर्यंत नेलेला हवा. सॅक कापड फाटून कमी जातात, शिवण उसवून जास्त.

वॉटरप्रूफ असते का? रेनकव्हर घ्यावं का?

कापड असतं, सॅक नसते. शिवणीतून आणि तोंडातून पाणी येतं. रेनकव्हर वाऱ्यात शीड होतं, कातळावर फाटतं, आणि त्याच्याखाली आइस ॲक्स (बर्फकुऱ्हाड) अडकवता येत नाही. त्यापेक्षा आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला, स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे तिच्यात, तोंड पिळून बंद. वजन नगण्य, खर्च नगण्य.

चेन चांगली की नाडी की गुंडाळी?

बर्फात मुख्य तोंडाला चेन नको. दातांत बर्फ बसून गोठला की चेनचा धावता (सरकणारा तुकडा) अडकतो, आणि ओढून तोडला तर सॅक उघडी. नाडी आणि वर झाकण ही जुनी रचना अजून टिकून आहे, त्याला कारण आहे. ती जास्त भरता येते, झाकणाखाली दोराची गुंडाळी दाबता येते आणि बिघडण्यासारखं तिच्यात फारसं काही नाही. गुंडाळून बंद करायचं तोंड हलकं आणि पाणी रोखणारं असतं, पण वारंवार उघडायला कंटाळवाणं. बाजूची चेन खालचं सामान काढायला सोयीची. ती असेल तर तिच्यावरून ताण घेणारा एक पट्टा हवाच.

आइस ॲक्स कुठे आणि कशी लावायची?

जुनी पद्धत अशी: खालच्या लूपमधून दांडा घालायचा, ॲक्स उलटी फिरवून डोकं खाली अडकवायचं, वर नाडीने दांडा बांधायचा. सरळ दांड्याच्या ॲक्सला ही उत्तम. वाकड्या दांड्याच्या, डोक्यावर हातोडी किंवा ॲड्झ (रुंद पातं) नसलेल्या टेक्निकल टूल्सना (उभ्या बर्फावरच्या ॲक्सना) ती नीट धरत नाही. त्यांच्यासाठी नव्या सॅकवर चोच झाकणारी खोबण आणि डोक्याच्या भोकातून घालायची धातूची कांडी असते. तुमची टूल्स नेऊन प्रत्यक्ष बसवून बघा, सगळी डोकी सगळ्या कांड्यांना बसत नाहीत.

आणखी एक. उताराचा टप्पा संपून बर्फाची धार सुरू होते तिथे ॲक्स लगेच हातात हवी असते आणि सॅक उतरवायला जागा नसते. अशा वेळी ती खांद्याचा पट्टा आणि पाठ यांच्या फटीत तिरकी सरकवतात, चोच खांद्याच्या मागे, दांडा कमरेकडे. मोठ्या लोडलिफ्टर पट्ट्यांच्या गर्दीत ही फट उरत नाही. दुकानात हेही करून बघा.

क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे दाते) आत की बाहेर?

जागा असेल तर जाड पिशवीत घालून आत. बाहेर लावायचे तर दाते एकमेकांकडे करून, पट्ट्यांनी घट्ट, हलायला नकोत. पुढच्या बाजूला क्रॅम्पॉनसाठी जाड कापडाचा खिसा असेल तर उत्तम, कारण ओले क्रॅम्पॉन आतल्या कपड्यांपासून लांब राहतात.

बर्फासाठी सॅकमध्ये वेगळं काय लागतं?

पाठ गुळगुळीत हवी. जाळीच्या आणि खाचांच्या पाठीत सॅक खाली ठेवली की बर्फ भरतो, अंगाच्या उबेने वितळतो, थांबल्यावर गोठतो, आणि पुढच्या खेपेला पाठीला बर्फाचा पत्रा लागतो. पाणी न पिणाऱ्या बंद फोमची सपाट पाठ झटकली की साफ.

दुसरं म्हणजे बकल. जाड मिटन (चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे) घालून एका हाताने प्रत्येक बकल उघडून बघा, आणि बंदही करून बघा. उघडणं सोपं असतं. बंद करताना दोन तुकडे न बघता एकमेकांसमोर आणावे लागतात, आणि नेमकं तिथेच छातीच्या पट्ट्याचं बोटभर बकल हातातून निसटतं. मग माणूस दातांनी मिटन ओढतो, उघड्या बोटांनी बकल लावतो, तोवर बोटं बधिर. म्हणून बकल मोठं हवं, पट्ट्याचं टोक लांब हवं, चेनच्या धावत्याला दोरीचा फास बांधलेला हवा. बकलात बर्फ बसला तर फुंकर मारू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. ॲक्सच्या दांड्यावर हलकंच ठोका.

पाण्याची नळी वापरता येईल का?

कडाक्याच्या थंडीत नाही. पिशवीतलं पाणी गोठायच्या खूप आधी नळीतलं गोठतं. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी मागे ढकललं तर गोठणं थोडं लांबवता येतं, बस. रुंद तोंडाची बाटली घ्या, वेष्टणात घाला आणि सॅकच्या आत उलटी ठेवा. बर्फ पाण्याच्या वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे खाली गेलेलं झाकण मोकळं राहतं. झाकण गळत नाही याची खात्री आधी करा.

स्की लावायच्या असतील तर?

दोन पद्धती. दोन्ही बाजूंना एकेक स्की लावून वरची टोकं एकत्र बांधायची, किंवा दोन्ही एकत्र बांधून पाठीवर तिरप्या. पहिलीत तोल चांगला राहतो, पण बाजूचे पट्टे मजबूत हवेत आणि स्कीच्या धारांनी कापड कापू नये म्हणून तिथे अस्तर हवं. तिरप्या स्की झटकन लागतात आणि निघतात. दोन्हींत मागची टोकं पोटऱ्यांना लागतात का ते चालून बघा.

हिमप्रपाताच्या भागात जायचं आहे. एअरबॅगची सॅक घ्यावी का?

आधी साधी गोष्ट. फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून गाडलेल्याला शोधायची लांब कांडी) यांच्यासाठी बाहेरच्या बाजूला वेगळा कप्पा हवा, ज्यात दुसरं काही नसेल. जोडीदार गाडला गेला की कप्पा उघडून दोन हालचालींत दोन्ही बाहेर आली पाहिजेत. सॅकबाहेर बांधलेलं फावडं हिमप्रपात ओढून नेतो. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओयंत्र) मात्र सॅकमध्ये कधीच नाही, तो अंगावर, कपड्यांच्या आत. सॅक ओढली गेली तर शोधणारे रिकाम्या सॅकपाशी पोहोचतील.

एअरबॅगचं तत्त्व असं: वाहत्या बर्फात मोठ्या आकाराच्या वस्तू वर येत जातात, लहान खाली जातात. दीडशे लिटरच्या आसपासची फुगलेली पिशवी तुमचा आकार वाढवते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, हिमप्रपातात गंभीरपणे अडकलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण एअरबॅग फुगल्याने २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलेलं दिसलं. त्याच अभ्यासात एअरबॅग २० टक्के वेळा फुगलीच नव्हती, आणि त्यातल्या ६० टक्के वेळा कारण एकच, फुगवायची मूठ ओढली गेली नव्हती. त्यामुळे घेतलीत तर हातमोजे घालून मूठ ओढायचा सराव करा, आणि मांडीखालून जाणारा पट्टा प्रत्येक वेळी लावा. तो नसेल तर फुगलेली सॅक डोक्यावरून निघून जाऊ शकते.

झाडीत, कड्यावरून खाली किंवा अरुंद घळीत ओढले गेलात तर एअरबॅगचा उपयोग फार कमी. चढाईसाठी ती जडही आहे. स्की करणाऱ्याला घ्या म्हणेन, उभ्या बर्फाच्या भिंतीवर जाणाऱ्याला बहुधा नाही. गॅसच्या नळकांड्याची असेल तर विमानप्रवासाआधी विमान कंपनीची मंजुरी घ्यावी लागते. पंख्यावर चालणारी पुन्हा पुन्हा फुगवून सराव करता येतो.

सॅकमध्ये शिवलेला रेको परावर्तक असला तर चांगलंच, पण तो ट्रान्सीव्हरची जागा घेत नाही. तो फक्त बचावपथकाच्या यंत्राला दिसतो, जोडीदाराच्या नाही.

हिमनदीवर सॅकचा काय संबंध?

क्रेव्हासमध्ये, म्हणजे हिमनदीच्या भेगेत, पडलेल्या माणसाला जड सॅक मागे उलटं करते. दोरावर लटकून सरळ व्हायचं तर सॅक काढावी लागते, आणि नुसती काढली तर ती खाली गेली. म्हणून दोर बांधतानाच हॉल लूपमध्ये एक स्लिंग आणि कॅराबिनर लावून ते दोराला जोडतात. मग सॅक खांद्यावरून सोडली की ती तुमच्याखाली लटकते आणि तुम्ही सरळ होता. यासाठी हॉल लूप खरोखर मजबूत हवा आणि खांद्याचे पट्टे लटकत्या अवस्थेत ढिले करता यायला हवेत. भरलेली सॅक पाठीवर घेऊन एकदा सुरक्षित ठिकाणी दोरावर लटकून हे करून बघितल्याशिवाय कळत नाही.

सॅक दोराने वर ओढायची असेल तर?

बाहेर काहीही लोंबकळू देऊ नका, पट्ट्यांची टोकं आत खोचा, झाकण खाली दाबा. कातळावरून रोजच ओढायची असेल तर साधी सॅक नको. त्यासाठी गुळगुळीत, जाड प्लास्टिकचा थर दिलेल्या हॉल बॅगच असतात.

सामान भरायचं कसं?

जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर. स्लीपिंग बॅग तळाशी. उभ्या चढाईत आणि स्कीवर जडपणा थोडा खाली आणा, तोल सावरायला सोपं जातं. जॅकेट, हातमोजे आणि खाणं सगळ्यात वर. बॅटऱ्या सॅकमध्ये नाही, अंगावरच्या खिशात, थंडीत त्यांची ताकद झपाट्याने कमी होते.

हलकी सॅक घ्यायची तर कुठवर?

३५-४० लिटरच्या चढाईच्या सॅकचं वजन एक ते दीड किलो असतं. झाकण, बेल्ट आणि फ्रेम काढली की बऱ्याच सॅक पाव ते अर्धा किलोने उतरतात. काढता येणारे भाग असलेली सॅक घेणं मला अतिहलक्या सॅकपेक्षा शहाणपणाचं वाटतं. अर्ध्या किलोची सॅक दहा किलोच्या ओझ्याखाली खांदे कापते, आणि मग वाचवलेलं वजन खांदेच फेडतात.

एकच घ्यायची झाली तर?

४० ते ४५ लिटर, साधी, एका मोठ्या पोकळीची. झाकण काढता येणारं, बेल्ट मागे अडकवता येणारा, बाजूला आवळायचे दोन-दोन पट्टे. खडकावर थोडी मोठी वाटेल, हिवाळ्यात थोडी लहान.

निगा आणि दुरुस्ती?

कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने. मशीनमध्ये नको, आतला थर जातो. सावलीत पूर्ण सुकवा, उन्हाने नायलॉन कमजोर होतं. ओली गुंडाळून ठेवली की आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होऊन पापुद्रे सुटतात आणि त्याला आंबट वास येतो. तो थर परत नीट बसत नाही. अशी सॅक पाणी रोखणार नाही एवढंच, बाकी कामाला चालते.

मोहिमेत सोबत जाड सुई, मजबूत धागा, थोडी चिकटपट्टी आणि शिलाईशिवाय पट्ट्यावर चढवता येईल असं, मधली दांडी उघडी असलेलं एक जादा बकल ठेवा. भोक लहान असतानाच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, घरी आल्यावर ठिगळ शिवा. खांद्याच्या पट्ट्याचे किंवा हॉल लूपचे टाके सुटायला लागलेत असं दिसलं तर चांभाराकडून किंवा जाड कापड शिवणाऱ्याकडून तिहेरी शिलाई मारून घ्या, आणि ती होईपर्यंत त्या सॅकला दोरावर लटकवू नका.